विश्लेषण : येलदरीचे पाणी, वसमतची हळद, शेतातली पऱ्हाटी... संशोधनाचा पैसा बांधावर का पोहोचत नाही?

स्वच्छ ऊर्जा, अँटिऑक्सिडंट आणि निसर्गातून मिळणारे नवे पदार्थ. या तिन्ही विषयांवर जगभरच्या प्रयोगशाळांतून सतत काही ना काही नवे बाहेर येते. या तिन्हींचा कच्चा माल पूर्णा नदीच्या एकाच पट्ट्यात आहे. घोडे अडले आहे ते मोजमापाशी.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणातून सुटलेले पाणी वाटेत बरीच कामे करते. आधी ते धरणाच्या पायथ्याशी जनित्र फिरवते. मग खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात थांबते आणि तिथून कालव्याला लागते. कालव्यावर वसमत भागातली हळद पोसली जाते. कालव्याच्या आसपास आणि त्यापलीकडच्या कोरडवाहू रानात कापूस उभा असतो. वीज, हळद आणि कापसाची पऱ्हाटी असे हे तीन टप्पे. जगातल्या मोठमोठ्या संस्था सध्या ज्या विषयांवर संशोधन करत आहेत, त्यातले तीन विषय असे एका नदीच्या काठावर नांदत आहेत.

तरीही या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीत त्या संशोधनाची ओळ सापडत नाही. पैशांची टंचाई, जमिनीची टंचाई, सरकारची अनास्था ही नेहमीची कारणे आहेतच. पण त्याआधीचे एक कारण फारसे बोलले जात नाही. जे शेतकऱ्यासमोर मोजले जात नाही, त्याचे मोल शेतकऱ्याला मिळत नाही.

येलदरीत वीज कधी तयार होते?

येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. पूर्णा नदीवरची ही भिंत ४,२३२ मीटर लांब आणि सुमारे ५१ मीटर उंच आहे. जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यातला सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर जिवंत साठा, म्हणजे वापरता येणारे पाणी. उरलेला मृतसाठा. पायथ्याच्या विद्युतगृहात प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण २२.५ मेगावॅट.

तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर दिवसाला ५ लाख ४० हजार युनिट वीज तयार होते. पण असे दिवस वर्षात मोजकेच. येलदरीचे पाणी आधी पिण्यासाठी आणि शेतीसाठी. वीज हे त्याचे जोडउत्पन्न. आवर्तन सुटले किंवा पावसाळ्यात जलाशय भरत आला की संच फिरतात. पाणी सोडायचे नसेल तेव्हा ते गप्प असतात.

यात गैर काही नाही. एक हजार लिटर पाणी ३० मीटरवरून खाली आले तर त्यातून पाऊण दशांश युनिटच्या आसपास, म्हणजे जेमतेम ०.०७ ते ०.०८ युनिट वीज मिळते. तेवढ्या विजेसाठी परभणीकरांच्या पिण्याचे पाणी सोडून देणे कोणालाही परवडणार नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातली धरणे तळाला गेली, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. या भागात पाणी आणि वीज यांचे भाग्य असे एकमेकांना बांधलेले आहे.

तरंगत्या सौर पॅनेलबाबत संशोधन काय सांगते?

धरणाच्या पाण्यावर तराफे ठेवून त्यावर सौर पॅनेल बसवायचे, ही कल्पना आता कागदावर राहिलेली नाही. गोदावरीच्याच खोऱ्यात, तेलंगणातल्या रामगुंडम येथे एनटीपीसीचा १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला. तो सुमारे ५०० एकर पाण्यावर पसरला आहे. मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या ओंकारेश्वर जलाशयातही असा प्रकल्प उभा राहतो आहे. तिथे जलविद्युत आणि सौर दोन्ही एकाच पाण्यावर आहेत.

‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातल्या १ लाख १४ हजारांहून अधिक जलाशयांचा ३० टक्के पृष्ठभाग पॅनेलने झाकला तर वर्षाला ९,४३४ टेरावॅट-तास वीज मिळेल, असा त्याचा अंदाज आहे. भारतात वर्षभरात तयार होणाऱ्या विजेच्या हे सुमारे पाचपट. बाष्पीभवन कमी होऊन वर्षाला १०६ घन किलोमीटर पाणी वाचेल, असेही त्यात म्हटले आहे. तेवढ्या पाण्यात येलदरीसारखी शंभराहून अधिक धरणे भरतील.

बाष्पीभवन रोखण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात पाण्यावर मेदयुक्त अल्कोहोलचा अतिशय पातळ थर पसरवून बाष्पीभवन कमी करण्यावर काम झाले होते. वारा सुटला की तो थर फाटतो, ही त्यातली मोठी अडचण. पॅनेलची सावली वाऱ्याने उडत नाही, हा नव्या मार्गाचा फायदा.

पण दुसरी बाजूही संशोधनानेच पुढे आणली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तळ्यांचा ७० टक्के पृष्ठभाग पॅनेलने झाकून पाहिला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तळ्यातून बाहेर पडणारे हरितगृह वायू सुमारे २७ टक्क्यांनी वाढले आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटला. प्राणवायू घटणे म्हणजे माशांच्या जिवावर बेतणे. लहान तळे आणि विशाल जलाशय यांत फरक आहे आणि कोणी ७० टक्के येलदरी झाकायला निघालेले नाही. तरी किती झाकले म्हणजे फार झाले, हे त्या त्या पाण्यावर तपासल्याशिवाय कळत नाही.

मग येलदरीवर पॅनेल बसवावेत का?

इथे थोडे गणित करून पाहू. रामगुंडमचा हिशेब धरला तर एका मेगावॅटला सुमारे पाच एकर पाणी लागते. येलदरीच्या जलविद्युत क्षमतेइतका, म्हणजे २२.५ मेगावॅटचा तरंगता प्रकल्प केला तर सुमारे ११२ एकर, जवळपास ०.४५ चौरस किलोमीटर जागा लागेल. भरलेल्या जलाशयाच्या पसाऱ्यात हा अगदी लहान तुकडा. एका मेगावॅटमागे वर्षाला साधारण १५ लाख युनिट धरले तर सव्वातीन कोटींहून अधिक युनिट वीज मिळेल.

पाणी किती वाचेल? मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड मीटरचा थर उडतो असे धरू. झाकलेल्या भागात त्यातला निम्मा वाचला तर सुमारे ३४ कोटी लिटर. माणशी रोज १०० लिटरने नऊ हजारांवर लोकांचे वर्षभराचे पाणी. एका मोठ्या गावाला हे पुरेल. पण धरणाच्या एकूण साठ्यात त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. तेव्हा ‘सौर पॅनेल टाका, धरण वाचवा’ ही घोषणा आकर्षक असली तरी येलदरीला लागू पडत नाही.

खरा फायदा दुसरीकडे आहे. विद्युतगृहामुळे येलदरीला वीजवाहिनी आणि उपकेंद्राची व्यवस्था आधीच आहे, पण संच बंद असतात तेव्हा ती बरीचशी रिकामी असते. सौर वीज दिवसा तयार होते आणि जलविद्युत हवी तेव्हा सुरू करता येते. येलदरीच्या खाली सिद्धेश्वर धरण आहे आणि कालवे तिथून निघतात. आवर्तनाच्या दिवसांत येलदरीचे संच दुपारऐवजी संध्याकाळी फिरवले, तर दिवसभराचे पाणी तेवढेच राहून सिद्धेश्वरच्या साठ्यातून कालव्याला ते नेहमीसारखे मिळू शकते. दुपारी सौर, संध्याकाळी जल, अशी जोडी जमते. कालव्याची पाळी न बिघडवता विजेची वेळ बदलता येणे, ही निसर्गाने आणि जुन्या अभियंत्यांनी येलदरीला दिलेली सोय आहे.

पण हे लोकांना बाजूला ठेवून होणार नाही, हे जायकवाडीने दाखवले आहे. तिथल्या प्रस्तावित तरंगत्या सौर प्रकल्पाला मच्छीमार समाजाने विरोध केला. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. कायदेशीर लढाई संपली म्हणून प्रश्न संपत नाही. माशांचे काय होईल, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तराफे कुठे टेकतील, जाळे टाकायला जागा किती उरेल, या प्रश्नांची उत्तरे निकालपत्रात नसतात. ती पाण्यात मोजूनच मिळतात. येलदरीचा जलाशय तर भरतो तसा आटतोही. इथे मोठ्या निविदेआधी एखाद्या मेगावॅटचा प्रयोग करणे आणि बाष्पीभवन, प्राणवायू, मासळी यांचे दोन वर्षांचे आकडे जलाशयावर जगणाऱ्यांसमोर मांडणे हाच शहाणपणाचा रस्ता आहे.

हळदीतले ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे नेमके काय?

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, लोखंड ओल्यात राहिले की गंजते. दोन्हीकडे प्राणवायूशी संयोग होत असतो. या क्रियेला ऑक्सिडेशन म्हणतात. शरीरात, तेलात, रंगात, प्लॅस्टिकमध्येही ती चालू असते. ती थोपवणारा किंवा मंदावणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कुरकुमिन या गटातले.

कुरकुमिन १८१५ मध्ये प्रथम वेगळे केले गेले आणि त्याची रचना १९१० मध्ये कळली. त्यानंतर त्यावर हजारो शोधनिबंध झाले. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आजीच्या बटव्यातले ज्ञान कागदावर नोंदवलेले होते, म्हणून ते टिकले. तेव्हाही नोंदच कामी आली.

मात्र कुरकुमिनच्या औषधी गुणांबद्दल छापून येणारे सारेच खरे मानण्यात अर्थ नाही. तोंडावाटे घेतलेले कुरकुमिन रक्तात फार कमी उतरते. मिऱ्यातल्या पिपरिनसोबत ते बरेच जास्त शोषले जाते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. पण ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये २०१७ साली आलेल्या एका सविस्तर आढाव्याने कुरकुमिनच्या औषधी दाव्यांवर गंभीर शंका घेतली. हे रेणू प्रयोगनळीत अनेक चाचण्यांना फसवा होकार देतात आणि माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत तसे यश दिसलेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. हळद अन्न म्हणून उत्तम आहे. पण तिला सर्व रोगांवरचे औषध म्हणून विकणाऱ्याच्या नफ्यात शेतकऱ्याचा वाटा नसतो आणि दावा फसला की बदनामी मात्र हळदीची होते.

कुरकुमिनचा अधिक भरवशाचा उपयोग वेगळ्या वाटेने येतो आहे. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. साबण अल्कधर्मी असतो आणि कुरकुमिन त्याला रंग बदलून उत्तर देते. नेमका हाच गुण वापरून संशोधक अन्नाच्या वेष्टनासाठी पातळ पापुद्रे तयार करत आहेत. आतला मासा किंवा मांस खराब होऊ लागले की त्यातून अमोनियासारखे वायू निघतात आणि पापुद्र्याचा रंग पालटतो. शिवाय खाद्यरंग म्हणून कुरकुमिनला जगभर मागणी आहेच. रंगाचा हा बाजार चमत्कारावर चालत नाही. तो शुद्धतेवर आणि टक्क्यांवर चालतो.

हळदीचा पैसा कुठे अडतो?

हळदीत साधारण दोन ते पाच टक्के कुरकुमिन असते. काही वाणांत ते सहा टक्क्यांच्या पुढे जाते. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेचा ‘प्रतिभा’ वाण त्यासाठी ओळखला जातो. अर्क काढणाऱ्या कारखान्याला तीन टक्क्यांचा आणि सहा टक्क्यांचा माल यांत दुप्पट फरक दिसतो.

बाजार समितीच्या लिलावात हा फरक दिसत नाही. व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मोडताना येणारा टणक आवाज ऐकतो, ओलावा अजमावतो आणि बोली लावतो. हा अनुभव खोटा नाही, पण डोळ्याला टक्के कळत नाहीत. पैसा वजनावर मिळतो, म्हणून शेतकरी वजन देणारा वाण निवडतो. त्याने दुसरे का करावे? आठ-नऊ महिने रान अडकवून कुरकुमिन वाढवायचे आणि काट्यावर ते शून्य मोजले जायचे, हा धंदा कोणी करणार नाही.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राज्य सरकारने वसमतसाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. ही सगळी पावले योग्य दिशेने आहेत. पण मानांकन म्हणजे नाव. नावामागे आकडा नसेल तर बाहेरची हळद वसमतच्या नावाने खपायला वेळ लागत नाही. चमक आणण्यासाठी शिशाचा विषारी पिवळा रंग चोळण्याचे प्रकार बांगलादेशात संशोधकांनी उघडकीला आणले, तेव्हा तिथे बाजारातच हातात धरायच्या यंत्राने तपासणी सुरू झाली आणि भेसळ झपाट्याने घटली. यंत्र बाजारात आले, तेव्हा फरक पडला.

हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर शेतकरी रोज सकाळी रांगेत उभा राहतो, दुधाचा थेंब यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचा आकडा समोर दिसतो आणि त्यावर दर ठरतो. त्या आकड्यावरून वादही होतात, पण वाद घालायला आकडा तर असतो. कापसाची ओल मोजली जाते, उसाचा उतारा मोजला जातो. हळदीचे कुरकुमिन निअर इन्फ्रारेड किरणांनी झटपट अजमावण्याच्या पद्धती संशोधनात सिद्ध झाल्या आहेत. मग ते हिंगोली आणि वसमतच्या लिलावात ढिगाशेजारी का मोजले जाऊ नये?

पऱ्हाटी जाळायची की विकायची?

कापसाची शेवटची वेचणी झाली की रानात उरते पऱ्हाटी. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन. थोडी चुलीला जाते, थोडी हळद शिजवायच्या भट्टीला, बाकीची बांधावर रचली जाते किंवा पेटवून दिली जाते. पेटवण्यामागे आळस नसतो. उपटायला मजूर लागतात आणि ती विकत घ्यायला कोणी येत नाही. उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला बिऱ्हाड मिळते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भ-मराठवाड्याचा कापूस कसा खाल्ला, हे शेतकरी विसरलेला नाही. म्हणून तर फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, असे कृषी विद्यापीठे सांगत असतात.

या काडीत काय आहे? लाकडात असते तेच. सेल्युलोजचे धागे आणि त्यांना जोडून धरणारे लिग्निन. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कांडी कोळसा आणि पेलेट करण्याचे तंत्र विकसित केले आहे. नॅनोसेल्युलोज तयार करण्याचा प्रायोगिक कारखानाही याच संस्थेने २०१५ मध्ये सुरू केला. सेल्युलोजचा धागा केसाच्याही हजारो पट बारीक केला की तो कागद, रंग, वेष्टने यांना अफाट बळकटी देतो. औष्णिक केंद्रांत कोळशासोबत शेतातला काडीकचरा जाळण्याचे धोरण केंद्राने २०२१ मध्ये आणले. परळीचे केंद्र या पट्ट्यापासून दूर नाही.

त्याहून रंजक गोष्ट लिग्निनची आहे. झाडाने कुरकुमिन आणि लिग्निन हे दोन्ही पदार्थ एकाच रासायनिक वाटेवर, फिनाइलअलानिन या एकाच अमिनो आम्लापासून घडवलेले असतात. म्हणजे हळकुंडातला पिवळा रंग आणि पऱ्हाटीतला चिवटपणा हे चुलत भाऊ. त्यामुळे लिग्निनही अँटिऑक्सिडंट आहे. प्लॅस्टिक, रंग आणि सौंदर्यप्रसाधने उन्हात लवकर खराब होऊ नयेत म्हणून ते वापरण्यावर बरेच संशोधन चालू आहे. हेच लिग्निन हवेविना तापवले तर ‘हार्ड कार्बन’ मिळतो आणि तो सोडियम बॅटरीचा एक ध्रुव होऊ शकतो. सोडियम मिठातून मिळते, लिथियमसारखे परदेशातून आणावे लागत नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेसोबत विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. स्वच्छ ऊर्जा, अँटिऑक्सिडंट आणि नैसर्गिक पदार्थ हे तीन विषय एका काडीत एकत्र येतात, ते असे.

पण उद्याच पऱ्हाटीच्या बॅटऱ्या निघतील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. काडीतून शुद्ध लिग्निन काढणे खर्चिक आहे. आज प्रत्यक्षात येणारा बाजार पेलेटचा आणि बोर्डाचा आहे. तिथेही सगळी काडी रानाबाहेर नेणे घातक. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. काही पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून मातीत गेलीच पाहिजे. किती मातीला आणि किती कारखान्याला, हे ठरवायलाही पुन्हा मापच लागते. माती परीक्षणाचा आकडा आणि काडीचा कोरडा भार समोर असेल, तर शेतकरी हा निर्णय कोणाहीपेक्षा चांगला घेईल.

काय करता येईल?

पहिले, येलदरीवर मोठ्या निविदेआधी लहान, उघडा प्रयोग व्हावा. त्याचे आकडे मराठीत, जलाशयाच्या काठावर फलकावर लागावेत. मच्छीमार संस्थांना मोजणीतच सहभागी करून घ्यावे. प्रकल्पाच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा त्यांच्याकडे जावा.

दुसरे, हळदीच्या लिलावात कुरकुमिन तपासणी सुरू व्हावी. सक्ती नको. ज्याला हवे त्याने ढिगाचा नमुना तपासून घ्यावा आणि पावतीवर टक्का छापून मिळावा. पहिल्या वर्षी दरात फरक पडला नाही तरी चालेल. दोन हंगामांचे आकडे साठले की कारखानदार आपोआप त्या पावतीकडे बघू लागतील. नमुना कोणी काढायचा, यंत्र कोणी तपासायचे, याचे नियम मात्र पहिल्या दिवशीच हवेत. दुधाच्या फॅटच्या भांडणांतून एवढा धडा तरी घ्यावा.

तिसरे, पऱ्हाटीसाठी गावपातळीवर श्रेडर आणि वजनकाटा यांची जोडी हवी. दर ओल्या ढिगावर ठरू नये. कोरडा भार आणि उष्मांक यांवर ठरावा. नाहीतर खरेदीदार ओलीच्या नावाखाली कडता कापेल आणि ही साखळी पहिल्याच हंगामात तुटेल.

हे अशक्य नाही, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने सौर वाळवणी यंत्रे खेड्यातल्या महिलांच्या हाती दिली, त्यांच्याकडून वाळवलेला भाजीपाला विकत घेतला आणि २०२३ मध्ये अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळवला. त्यांचे यंत्र सुबक आहेच. पण खेड्यात वाळवलेल्या मालाला ठरलेल्या प्रतीवर ठरलेला खरेदीदार मिळाला, हे त्याहून महत्त्वाचे. यंत्रासोबत मापही गावात गेले.

तोटा कोणाचा?

या तिन्ही गोष्टी झाल्या नाहीत तरी जगातले संशोधन थांबणार नाही. तरंगते प्रकल्प उभे राहतील, कुरकुमिनचे पापुद्रे बाजारात येतील, लिग्निनच्या बॅटऱ्याही कधीतरी निघतील. फक्त पाणी, हळद आणि काडी पुरवणारा पूर्णेचा काठ कच्चा माल देणाराच राहील. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. धरण एका जिल्ह्यात आणि बहुतेक हळद दुसऱ्या जिल्ह्यात गेली. कागदावर हद्द पडली, पण पाण्याची वाट तीच राहिली. वीज एका खात्याची, कालवा दुसऱ्याचा, हळद तिसऱ्याची आणि काडी कोणाचीच नाही, अशी वाटणी मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. ही तीन खाती एका टेबलाशी बसली पाहिजेत.

येलदरीच्या पाण्याची पातळी रोज मोजली जाते. पावसाळ्यात तो आकडा परभणी, हिंगोलीत मोबाइलवरून फिरतो. धरण किती भरले, यावर गावातल्या पारावर पेरणीपासून लग्नापर्यंतचे बेत ठरतात. एका आकड्यावर लोकांचा एवढा विश्वास असतो, कारण तो सगळ्यांसमोर असतो आणि सगळ्यांना कळतो. हळदीच्या ढिगाशेजारी आणि पऱ्हाटीच्या काट्यावर तसाच एक आकडा दिसू लागला, तर प्रयोगशाळेतली बातमी पहिल्यांदा शेतकऱ्याच्या पावतीवर उमटेल.